एकट्या पंख्याचा आवाज

काटा थरथरत शंभराच्या अलीकडे येऊन टेकला, तसा कुशाबा हातातली तेलाची बुधली न ठेवताच पुढे झुकला.

“मागे सर रे,” सीताराम जॉबर, खात्याचा मुकादम, त्याच्यासमोर येऊन म्हणाला. “सायबाच्या उजेडात येतस.”

कुशाबा मागे सरला, पण डोळे काट्यावरून हलले नाहीत. साहेबांच्या गळ्यात अडकवलेली पेटी रेडिओच्या जातीची दिसत होती. फरक एवढाच, की ही बोलत नव्हती, ऐकत होती. वर कापसाच्या बोंडाएवढं जाळीदार डोकं आणि समोर काचेआड आवाज किती ते दाखवणारा काटा. गिरणीतली माणसं इतकी वर्षं घसा फोडून सांगत होती तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, आणि आता ऐकायला म्हणून विलायतेहून पेटी आणली होती.

साहेबांचं नाव तेंडोलकर. कुठल्याशा प्रयोगशाळेतून आले होते. वयाने तरुण, वागायला साधे. परळच्या त्या गिरणीच्या ब्लो-रूममध्ये पाऊल टाकल्यापासून त्यांची पांढरी पँट धुळीने करडी होत चालली होती, पण त्यांनी ती एकदाही झटकली नव्हती. एवढ्यावरूनच ते कुशाबाला बरे वाटले.

ब्लो-रूम म्हणजे कापसाच्या गाठी फोडून, झोडपून, पिंजून त्यातली माती काढायचं खातं. ती माती ओढून घ्यायला जमिनीखालून पन्हळी काढलेल्या होत्या, आणि त्यांच्या टोकाला, भिंतीलगतच्या खड्ड्यात, पुरुषभर उंचीचा पंखा. पंखा धूळ ओढायचा आणि भिंतीपलीकडच्या कोठीत फेकायचा. त्याला तेल घालणं, त्याचा पट्टा सांभाळणं आणि दिवसभर त्याच्या कुशीत उभं राहणं हे कुशाबाचं काम होतं. लग्न झालं त्या वर्षापासून तो तिथेच उभा होता.

“आता पंखा बंद करा,” साहेब म्हणाले. “बाकीची यंत्रं चालू द्या.”

कुशाबाने दांडा ओढून पट्टा सैल चाकावर सरकवला. पंखा मंदावत थांबला. काटा मात्र होता तिथून जेमतेम एक रेघ खाली उतरला.

“बघितलं?” स्पिनिंग मास्तर हसले. ते उतारवयाचे पारशी गृहस्थ होते. त्यांना रागावलेलं कोणी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी कोणाचं काही ऐकल्याचंही कोणी पाहिलं नव्हतं. “पंखा बंद, तरी आवाज तेवढाच. तक्रार कशाची करते हे लोक?”

“तसं नसतं,” साहेब ओरडून म्हणाले. “या आकड्यांची साधी बेरीज होत नाही. दोन सारखे पंखे शेजारी लावले, तरी काटा दुप्पट जात नाही, तीनच घरं सरकतो. एवढ्या यंत्रांच्या गदारोळात पंख्याचा आवाज बुडून गेलाय. तो वेगळा काढायचा तर बाकी सगळं बंद हवं. मधल्या सुट्टीत घेऊ.”

“आणि एकटा पंखा किती आला तर तुम्ही वाईट म्हणणार?”

“या जागेवर नव्वदच्या वर गेला, तर माणूस इथे कायम ठेवू नये असं मी लिहीन. पाळीपाळीने बदलावा.”

हे सगळं कुशाबाने साहेबांच्या ओठांवरून वाचलं. त्यात नवल काही नाही. गिरणीत बोलायचं ते ओठांनीच. आवाज न काढता ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. हे ज्याला जमत नाही तो नवखा समजायचा. याच रिवाजाच्या आडोशाला कुशाबाने आपलं दुखणं लपवून ठेवलं होतं. त्याचा उजवा कान पार गेला होता आणि डावा निघण्याच्या तयारीत होता. कामगार मैदानावर समितीची सभा असली, की तो व्यासपीठाकडे बघायचाच नाही, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणून हजारो तोंडं उघडली, की ‘झालाच पाहिजे’ला त्याचाही आवाज सगळ्यांच्या मागोमाग, जरा उशिराने निघायचा. लोकांना वाटायचं, गडी फार तल्लीन होतो.

युनियनच्या गंगाधरने त्याला बजावलं होतं, “कान गेला म्हणून चुकूनसुद्धा बोलू नकोस. बहिऱ्याला पंख्यावरून काढत नाहीत, गेटाबाहेर काढतात. पंख्याचा आवाज फार होतो, एवढंच म्हणायचं. बाकीचं मी बघतो.” आणि गंगाधरने खरंच अर्ज-विनंत्या करून साहेबांना इथवर आणलं होतं. काटा नव्वदच्या पुढे गेला, तर कुशाबाची बदली शिवडीला, गिरणीच्या कापूस-गोदामात व्हायची होती. तिथे गाठी असतात आणि कबुतरं असतात. दुसरं काही नसतं.

गोदामात जायची एवढी आस लागायला कारण होतं. ओठांवरून कुशाबा कोणालाही वाचायचा. बायकोला, रखमाला, तर ती पाठमोरी असली तरी नुसत्या गालांच्या हालचालीवरून ओळखायचा. पण घरात एक माणूस असं होतं की ते त्याला वाचता येत नव्हतं. त्याची मुलगी कमल. दोन लेकरं हाताला न लागता गेली, त्यानंतर कित्येक वर्षांनी झालेली. ती नुकती बोलायला लागली होती, आणि लहान लेकराच्या ओठांना अजून वळण नसतं. दूध मागतानाही तेच ओठ आणि बापाला हाक मारतानाही तेच. ती हसत काहीतरी सांगायची आणि कुशाबा तिच्या तोंडाला डावा कान लावून बसायचा. आत कुठेतरी लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं काहीतरी यायचं. तो आवाज दर महिन्याला आणखी लांब चालला होता. ती नीट बोलायला लागेपर्यंत हा कान टिकावा, मग गेला तरी चालेल, एवढंच त्याचं मागणं होतं. आता ते मागायचं तरी कोणाकडे? देव तर त्याने सोडले होते.

देव सोडले, आणि नेमका तिथेच घात झाला.

परवाचाच दसरा. धर्मांतरानंतरचा पहिला. आदल्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, लाखो लोकांत उभं राहून त्याने दीक्षा घेतली होती. दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा, कुंकू, नारळ. सगळं खातं आपापलं यंत्र सजवत होतं, तेव्हा सीताराम त्याच्यासमोर येऊन मिश्कीलपणे म्हणाला होता, “काय रे कुशाबा, तुमका आता दसरो नाय ना? मगे पंख्याक आंघोळ कोण घालतलो?”

सीतारामच्या मनात काळं नव्हतं. कुशाबाचा कान गेलेला त्याला ठाऊक होता आणि त्याने तो कोणाला सांगितला नव्हता, यावरून माणूस कळावा. पण शेजारचे दोघेतिघे हसले आणि ते हसू कुशाबाला झोंबलं. देव सोडला म्हणून यांनी कामही सोडलं, असं उद्या कोणी म्हणायला नको. तो खड्ड्यात उतरला. पंख्याचं पोट उघडून पात्यांवर साचलेला तेलकट कापूस त्याने खरवडून काढला. चिंधीने एकेक पातं पुसलं. तोंडावरची जाळी घासली, पट्टा ताणून घेतला, दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांत नवं ग्रीस भरलं. कुंकवाचं बोट लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यात माळा घातलेली यंत्रं एकीकडे आणि त्याचा उघडा पंखा एकीकडे, असा तो लखलखत होता. लोकांनी येऊन बघितलं. कुशाबाची छाती भरून आली होती.

पाती साफ झाली, जाळी मोकळी झाली, की पंखा गुरगुरत नाही. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण साहेब येणार हे त्याला आज सकाळी कळलं. गंगाधर समितीच्या कामासाठी पुण्याला गेलेला, सांगणारं कोणी नव्हतं. महिनाभर आधी हीच पेटी आली असती, तर काटा पलीकडच्या खुंटीला जाऊन आपटला असता.

भोंगा झाला. एकेक यंत्र थांबत गेलं. माणसं डबे घेऊन बाहेर पडली. साहेबांनी खड्ड्यात वाकून पंख्याची झडप उघडली आणि आत हात फिरवला. बोट स्वच्छ निघालं.

“इतका साफ पंखा मी आजवर कुठल्याही गिरणीत पाहिला नाही,” ते म्हणाले. “नेहमी असाच असतो?”

मास्तरांनी कुशाबाकडे मान वळवली. “बोल ना, कुसाबा. हमेसा असाच साफ ठेवते ना तू?”

कुशाबाने बुधली या हातातून त्या हातात घेतली. नाही म्हणावं, तर इतके दिवस पगार कशाचा घेतोस हा पुढचा प्रश्न. आणि त्याच्याही पुढे, पूजा सोडली आणि सफाईही, हे बोलणं. हो म्हणावं, तर सगळंच संपलं.

“जी, साहेब,” तो म्हणाला.

मास्तर खूश झाले. “चला, चहा घेऊ. कुसाबा, आम्ही आलो की चालू कर.”

सीतारामही त्यांच्या मागे गेला. खात्यात कुशाबा एकटा उरला. सगळं बंद होतं, तरी त्याच्या डोक्यात यंत्रं चालूच होती. गेलं वर्षभर ती थांबत नव्हती.

तो खड्ड्यात उतरून पंख्यासमोर उकिडवा बसला. या पंख्याचा त्याने कधी राग केला नव्हता. पंखा म्हणजे त्याची भाकरी होती. आज मात्र आपणच चमकवलेल्या त्या पात्यांकडे बघून त्याला भडभडून आलं. एवढं कशाला केलं? चार माणसांच्या हसण्यापायी? घरी रखमा दाराशी उभी असेल. आज साहेब आले, असा निरोप तिला चाळीतल्या कोणीतरी पोचवलाच असेल. तिला काय सांगायचं?

कोपऱ्यात परवा खरवडून काढलेल्या घाणीचा डबा तसाच पडला होता. कुशाबाने त्यात हात घातला. मूठभर चिकट, काळा कापूस हाताला लागला. त्याने तो वळला, त्यात ग्रीस कालवलं. एवढा गोळा एकाच पात्याच्या मागे बसला, तर पंख्याचा तोल जातो आणि पंखा बोंबलायला लागतो. फार वेळ नको होता. काटा नव्वदच्या पुढे जाऊन साहेबांनी आकडा बघेपर्यंत. मग पट्टा सरकवायचा आणि गोळा काढून टाकायचा.

त्याने झडप उघडली. गोळा पात्यामागे नेला आणि पुन्हा मागे घेतला. मग डोळे मिटून तो दाबून बसवला, अंगठ्याने कडा चेपल्या आणि झडपेचे नट आवळून टाकले. आयुष्यात त्याने कामात खोट केली नव्हती. आज केली, आणि ती सुद्धा कशी, जीव लावून केली.

मास्तर आणि सीतारामबरोबर साहेब परत आले. पंख्याचा वारा पेटीवर येऊ नये म्हणून ते बाजूला तिरके उभे राहिले. कुशाबाच्या रोजच्या जागेवर, त्याच्या कानाच्या उंचीला त्यांनी जाळीचं डोकं धरलं. आधी नुसत्या शांततेचा आकडा घेतला. मग मान हलवली.

कुशाबाने पट्टा सरकवला.

पंखा जागा झाला, वळला, वेग घेऊ लागला. सुरुवातीला काही नाही. मग कुशाबाच्या अनवाणी टाचांना पहिला हिसका कळला. काटा सत्तरवर होता. सत्तरचा ऐंशी झाला. साहेब पापणी न लववता बघत होते. ऐंशीच्या पुढे काटा सावकाश चढत होता. पंचाऐंशी. अजून थोडं. कमल, अजून थोडं.

आणि टाचेखाली दुसरंच काहीतरी सुरू झालं. हिसके नव्हेत, ठोके. पलीकडच्या बाजूचे. कोठीच्या तोंडाशी असलेलं बेअरिंग आपल्या बैठकीत आपटत होतं. ते तापलं आणि एक ठिणगी उडाली, की भिंतीमागे कोठीभर कोरडी धूळ. त्याच कोठीच्या सावलीला, बाहेरच्या अंगाला, झाडूवाल्या बायका रोज डबे खायला बसायच्या. राधाबाई, सुभद्रा, सगळ्या. या वेळी त्यांचे डबे उघडलेले असायचे.

काटा अठ्ठ्याऐंशीवर होता. कुशाबाचा हात त्याला न विचारता दांड्याकडे गेला. त्याने सगळा भार टाकून दांडा ओढला आणि पट्टा फटकन सैल चाकावर गेला. पंखा घरघरत उतरला. काटाही उतरला.

“काय झालं?” साहेब पुढे आले.

“बेरिंग, साहेब. पलीकडचं. आपटत होतं.”

सीताराम कोठीच्या बाजूने धावत जाऊन आला. त्याने हात झटकत दाखवला. बेअरिंगला हात लावता येत नव्हता. झडप उघडली. कुशाबाने स्वतः आत हात घालून गोळा काढला आणि डब्यात टाकला. पंखा सुरू होताच पन्हळीत अडकलेली घाण ओढली गेली असणार, असं मास्तर म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. कुशाबावर संशय घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. तेवढी त्याची पत होती.

पुन्हा पंखा चालू झाला. या वेळी तो झोपलेल्या माणसासारखा एकसुरी चालला. काटा ब्याऐंशीवर जाऊन स्थिर उभा राहिला. साहेबांनी तो दोनदा बघितला, जागा बदलून तिसऱ्यांदा बघितला आणि पेटीचं झाकण लावलं.

ते मास्तरांशी काहीतरी बोलले. बोलताना त्यांची पाठ कुशाबाकडे होती. मास्तर मध्येच वळून कुशाबाकडे बघायचे आणि मान डोलवायचे. मग साहेब स्वतः त्याच्याजवळ आले. त्याच्या उजव्या बाजूला उभे राहून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या मेलेल्या कानात बराच वेळ, अगदी मनापासून, काहीतरी सांगितलं. कुशाबाला त्यांच्या तोंडाचा गरम वारा तेवढा कळला. त्याने मान हलवली. साहेबांनी खांदा थोपटला आणि ते मास्तरांबरोबर पायऱ्या चढून निघून गेले.

कुशाबाने सीतारामकडे बघितलं. सीताराम खाली बघत होता.

“काय म्हणाले?”

सीतारामने मान वर केली. त्याचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

“सायब म्हणालो, मिया पेटी घेवन उभो होतंय, तरी माका कायच वेगळा ऐकाक इला नाय, आणि ह्या माणसान कधीच पकडलान. कान म्हणजे कसले तिखट. असो माणूस गिरणीक शोधून मिळाचो नाय.”

“आणि?”

“पंख्याचो आवाज ठीक आसा, असा लिवतलो. आणि मास्तराक सांगितल्यान, ह्येका हयसून हलवू नको. मास्तर हो म्हणालो. तुका हंयच ठेवतले, कुशाबा. कायमचो.”

भोंगा झाला असावा, कारण माणसं आत येऊ लागली. एकेक यंत्र धडधडत सुरू झालं. जमीन पायाखाली ओळखीने थरथरू लागली. कुशाबा सीतारामच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याला सगळं पहिल्या खेपेलाच कळलं होतं.

तरी त्याने कानामागे हात धरला आणि विचारलं, “काय म्हणालास? परत सांग.”